मधमाश्यांच्या पुठ्ठ्यातली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. पुठ्ठ्यावर मात्र 'मधमाश्या पाळा, सुखी व्हा' असं छापलंय. पोटात एकही मधमाशी नाही. एक चुकून आली होती, पण गोष्ट संपेपर्यंत हलली नाही आणि मग डोळे पुसत उडून गेली. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

माझ्यात शंभर वर्षांपूर्वीच्या दोन पुरुषांची गोष्ट आहे. एक रस्त्यावरचे दिवे लावणारा, दुसरा बोटीवरचा आचारी. त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं आणि लोकांना ते पाप वाटे. म्हणून बिचारे आते-मामेभाऊ म्हणवून एका घरात राहत. शेजारीण आत्याचं नाव विचारायची, तेव्हा दोघांना घाम फुटायचा.

मी रद्दीत निघाले होते. एका बाइंडरनं मला उचललं, सुटलेले फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, नव्यानं शिवले, पाठीला खळ लावली. लावता लावता दोन पानं वाचली आणि गडी जेवायचंच विसरला! पण माझ्या खऱ्या नावानिशी मला घरी न्यायची त्याची छाती होईना. मधमाश्यांचा एक रिकामा पुठ्ठा पडून होता, तो मला चढवला आणि घरच्या फडताळात राजरोस ठेवलं. घरात दोघंच. तो आणि त्याची थोरली बहीण, गणिताच्या निवृत्त बाई. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं.

चार वर्षांत त्यानं मला सात वेळा वाचलं. मग एका दुपारी त्याला माझं एकशे बारावं पान कोपऱ्यात दुमडलेलं दिसलं. मित्रांनो, बाइंडर मेला तरी पान दुमडत नाही. म्हणजे ताईनं वाचलं! आता ती आपलं तोंडही बघणार नाही, या धसक्यानं त्यानं पिशवीत कपडे कोंबले. वर मला ठेवलं.

"कुठे निघाली स्वारी?" ताई दारात उभी.

"ताई, तू ते पुस्तक..."

"वाचतेय. चार वर्षं मधमाश्यांचा अभ्यास चाललाय आणि घरात थेंबभर मध नाही! म्हटलं, उत्तर कुठे चुकतंय ते बघावं."

तो खाली मान घालून म्हणाला, "मी त्या दोघांसारखाच आहे गं."

माझी तीनशे पानं श्वास धरून बसली.

"अरे वेड्या, तो घड्याळजी दर रविवारी आपलं एकच घड्याळ दुरुस्त करायला येतो. एवढं काय बिघडतं रे त्यात? मला काय बेरीज येत नाही? बरं, आधी सांग, ते दोघं शेवटी एकत्र राहतात ना? नाहीतर मी पुढे वाचायची नाही."

"राहतात, ताई. पार म्हातारे होईपर्यंत."

"मग ठेव ती पिशवी. आणि त्याला सांग, रविवारी सरळ जेवायलाच ये. घड्याळाला हात लावू नको म्हणावं, बरं चाललंय ते."

मी असा सुस्कारा सोडला की भिंतीवरच्या कॅलेंडरचे तीन महिने उलटले!

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना ओलीपासून, कसरीपासून जपाच. पण कुणी एखादं पुस्तक लपवून वाचताना दिसला, तर ते हिसकावू नका. शेजारी बसा आणि हळूच विचारा, "कुठपर्यंत आलास?"