भादरलेली कापशी

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे होत असतील तर ते कापशीचे. कापशी म्हणजे कोंबडी. सिल्की जातीची, पांढरीशुभ्र. अंगावर पिसं कसली, पिंजलेला कापूसच, आणि त्या कापसाच्या आत कुठंतरी मूठभर कोंबडी. आमचे हे, अभिमन्यू नलवडे, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर आहेत. कापशीला ते लहान बाळाच्या शाम्पूनं आंघोळ घालायचे आणि माझ्या ड्रायरनं वाळवायचे. लग्न झाल्यापासून माझ्या केसांना त्यांनी कधी ड्रायर धरलेला नाही, हे मी त्यांना कापशीच्या प्रत्येक आंघोळीला ऐकवत असे.

पण मी फार ताणत नसे, त्याला कारण होतं. गेल्या वर्षी शोभेच्या पक्ष्यांच्या प्रदर्शनात कापशीचा दुसरा नंबर आला, तेव्हा लाउडस्पीकरवरून ‘श्री. अभिमन्यू नलवडे, जुळे सोलापूर’ असं नाव पुकारलं होतं. कारखान्यात ह्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, ‘ए फिटर’ एवढंच. त्या दिवशी स्टेजवर चढताना ह्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. यंदा पहिला नंबर घ्यायचाच, असं ह्यांनी वर्षभर मनाशी धरलं होतं. प्रदर्शन जूनमधल्या एका रविवारी होतं.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल मी वेगळं काय सांगू? पक्ष्यांसाठी ह्यांनी माडीवरच्या खोलीत कूलर बसवला होता. झळा आत येऊ नयेत म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या आणि कूलर चालू ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये रस्त्यावरचं डांबर मऊ झालं, पण कापशी आणि तिचा जोडीदार बादशा मजेत होते. आमच्या गावात माणूस एक वेळ डॉक्टरवर विश्वास ठेवणार नाही, पण कूलरवर ठेवतो.

जूनमध्ये आभाळ भरून आलं. पाऊस नाहीच, हवा नुसती चिकट. पारा उतरला म्हणून आम्ही माणसं खूश झालो, आणि त्याच आठवड्यात बादशा मेला. चोच उघडी, पंख पसरलेले. काहीतरी रोग आला असणार, असं म्हणून ह्यांनी खोली धुऊन काढली आणि कूलर आणखी मोठा केला.

त्यानंतर दोनच दिवसांनी, दुपारी मी दाणे घालायला वर गेले. दार उघडताच दमट हवा तोंडावर आली. कापशी कोपऱ्यात बसली होती. चोच उघडी, गळा धडधडतोय, पंख अंगापासून लांब धरलेले. ह्यांची जेवणाची सुट्टी चालू होती, मी कारखान्यात फोन लावला. ह्यांनी सांगितलं, खिडक्या घट्ट लाव, कूलरमध्ये बर्फ टाक, आणि काही झालं तरी तिच्या पिसांना हात लावू नकोस, रविवार तोंडावर आलाय. मी सांगितल्याप्रमाणे केलं. कापशीनं मान टाकायला सुरुवात केली.

खोलीची भिंत हाताला ओली लागत होती. खिडकीच्या काचेतून गच्चीवरची दोरी दिसत होती. सकाळी वाळत घातलेलं माझं पातळ अजून ओलंच होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या हवेत पातळ वाळत नाही, त्या हवेत हा कूलर वरून आणखी पाणी ओततोय. मी कूलर बंद केला, कापशीला उचललं आणि खाली व्हरांड्यात आणलं. साधा पंखा लावला आणि परातीत पाणी घेऊन तिचे पाय त्यात ठेवले. पोटाखाली हात घातला तर भाकरीच्या टोपल्यात असते तशी ऊब.

जेऊरहून आत्या आल्या होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या शेंगा सोलत हे सगळं बघत होत्या. त्यांनी आधी बादलीभर पाणी तिच्या अंगावर ओतायचा सल्ला दिला. मी नको म्हटलं. ही पिसं एकदा भिजली की अंगाला चिकटून बसतात, मग आत वारा जातच नाही. आंघोळीनंतर ती वाळवताना घरातली वीज किती जळते ते मला ठाऊक होतं.

“मग भादर की,” आत्या म्हणाल्या. “म्हशी न्हाय का भादरत उन्हाळ्यात?”

“आत्या, रविवारी प्रदर्शन हाय.”

“मेल्यावर न्हेनार हाय व्हय तिला प्रदर्शनाला?”

मी पुन्हा ह्यांना फोन लावला. उचलला नाही. जेवणाची सुट्टी संपली होती, आणि कामावर असताना फोन लॉकरमध्ये असतो. माणसाचे केस कापले की वाढतात, पिसाचं तसं नसतं. कापलेलं पीस पुढं झडेपर्यंत तसंच राहतं. म्हणजे यंदाचं प्रदर्शन गेलंच. नवरा वर्षभर ज्याची वाट बघत होता ते मी दहा मिनिटांत कापून टाकणार होते, आणि विचारायलाही तो जवळ नव्हता. मला त्याचा राग आला, कीवही आली. मी शिवणाची कात्री घेतली.

आत्यांनी कापशीला धरलं. मी पोटाखालची, पंखांखालची, मांड्यांवरची पिसं बारीक केली. पाठ तशीच ठेवली, नाहीतर ऊन सरळ कातडीला लागलं असतं. आत्यांना ते पटलं नाही, अर्धवट म्हैस कुणी भादरतं का, असं त्यांचं म्हणणं पडलं. चहाच्या वेळेपर्यंत कापशीनं चोच मिटली आणि ती उठून पाणी प्यायली. दिसायला मात्र बघवत नव्हती, उंदरांनी कुरतडलेल्या उशीसारखी.

संध्याकाळी हे आले. व्हरांड्यात कापशीला पाहिलं आणि बूट न काढताच पायरीवर बसले. आत्या शेंगा उचलून स्वयंपाकघरात गेल्या. भांडायची माझी पूर्ण तयारी होती, उत्तरंसुद्धा ओळीनं मांडून ठेवली होती. पण हे ओरडले नाहीत. काय झालं, एवढंच विचारलं. मी वाळत घातलेल्या पातळापासून सगळं सांगितलं. हे उठून माडीवर गेले. खाली आले तेव्हा त्यांनी भिंतीला लावून ओला झालेला तळहात शर्टाला पुसला.

“बादशाला मीच मारला म्हनायचं,” हे म्हणाले.

तुमचा दोष नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण ते खोटं ठरलं असतं आणि ह्यांना ते कळलं असतं.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. प्रदर्शनवाल्यांचा होता. मशिनच्या आवाजानं ह्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर लावतात. पलीकडचा माणूस खुशीत होता. कापशीचा पिंजरा यंदा पहिल्या रांगेत ठेवलाय, परीक्षक पुण्याहून येणार आहेत, सकाळी लवकर या, असं सांगत होता. हे म्हणाले, आमचं नाव काढा, तिची पिसं कापलीत. मग तो माणूस हसला.

“असल्या कोंबडीची पिसं? कुटल्या येड्यानं कापली, नलवडे?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता माझं नाव घेणार. घेतलं असतं तरी मी काही म्हणू शकले नसते.

“मी,” हे म्हणाले. “मीच कापली. उकडत हुतं तिला.”

आणि फोन ठेवून दिला. मला रडू आलं आणि रागही आला, कारण भांडणाची एवढी तयारी केली होती ती सगळी वाया गेली. ह्यांनी बूट काढले, परातीतलं कोमट झालेलं पाणी कुंडीत ओतलं आणि माठातलं गार पाणी भरून कापशीपुढं ठेवलं.