न जोडलेले बटण

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नव्हे, तेव्हा सुईदोरा शोधू नका. मी संगणकाच्या पडद्यावरचे बटण. नखाएवढे, राखाडी, आणि अंगावर एकच शब्द: ‘कळवा’.

माझा जन्म एका प्रोग्रामरच्या घरी झाला. त्याला दुसऱ्यांनी केलेली बटणे पटत नसत, म्हणून खिडक्या, चौकटी, बटणे असा सगळा संच तो स्वतःच लिहीत बसला होता. आधी त्याने एक साधा चौकोन आखला. मग वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला काळसर. तेवढ्याने मी पडद्यातून वर उठून आल्यासारखा दिसू लागलो. दाबले की या रेघांची अदलाबदल व्हायची, शब्द ठिपकाभर खाली सरकायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचे, बटण आत गेले. खरे सांगू? मी कुठेच जात नाही. सगळा रेघांचा खेळ.

त्याने मला एक चांगली सवयही लावली. दाबताक्षणी काम करायचे नाही, बोट उचलेपर्यंत थांबायचे. तोवर कुणाचे मन बदलले आणि त्याने माउसचा बाण माझ्यावरून बाजूला नेऊन मग बोट उचलले, तर काही घडलेच नाही असे समजायचे. “माणसाला मागे फिरायला वाव हवा,” असे तो मोठ्या कौतुकाने बायकोला सांगत होता. ती म्हणाली, “मग फिर मागे आणि जेवायला ये. सगळं निवलंय.”

पुढे माझी रवानगी सफरचंदांच्या एका शीतगृहात झाली. सहा थंड खोल्या आणि एका कोपऱ्यात काचेची केबिन. केबिनमध्ये नोंदवाल्या काकू बसत. अंगात दोन स्वेटर, कानाला रुमाल. दर तासाला सहाही खोल्यांचे तापमान बघून त्या पडद्यावर भरत. दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुणी नसे.

माझी भावंडे, ‘नोंद करा’ आणि ‘छापा’, पहिल्या दिवसापासून कामाला जुंपली गेली. माझ्या डोक्यावर एक रिकामी चौकट होती. तिच्यात निरोप लिहायचा आणि मला दाबायचे. प्रोग्रामरने शीतगृहाच्या मालकांना विचारले, “हा निरोप कुणाकडे जायचा?”

मालक घाईत होते. “बघू. सांगतो नंतर.”

मग प्रोग्रामरने मला दाबल्यावर चौकट पुसली जाईल एवढे केले, आणि प्रोग्राममध्ये स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली: ‘पाठवणे बाकी. नंतर जोडू.’ त्यानंतर तो दुसऱ्या कामाला लागला. इकडे मालकांनी काकूंना बजावले, “बाई, उठसूट फोन नको. काही असलं तर इथे लिहा आणि हे दाबा.”

काकू आज्ञाधारक. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लिहिले, ‘केबिनची काच तडकली आहे, वारा कानात जातो.’ मला दाबले. मी जीव तोडून हाक दिली. ती ऐकायला पलीकडे कुणी नव्हते. चौकट मात्र पुसली गेली आणि काकूंना वाटले, निरोप पोचला.

महिन्याभराने काच बदललीही! सुतार दुसऱ्याच कामाला आला होता, जाता जाता त्याने तीही बसवली. काकूंनी लगेच लिहिले, ‘काच बसली. आभारी आहे.’ त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

हळूहळू काकू इतरही लिहू लागल्या. ‘आज फार थंडी.’ ‘गुडघा बरा आहे, विचारलं नाहीत तरी सांगते.’ एकदा बराच वेळ चौकटीकडे बघत बसल्या आणि मग लिहिले, ‘भाचीचं लग्न मोडलं. तिने फक्त मला सांगितलं. मी कुणाला सांगू?’ मला दाबले. ओळ पुसली गेली. काकूंनी डोळे पुसले आणि चार नंबरचे तापमान भरले. मित्रांनो, एवढे ऐकून गप्प बसण्यासारखी शिक्षा नाही.

चौथ्या वर्षी तीन नंबरच्या खोलीचा पंखा घरघरू लागला. काकूंनी कळवले. तीन आठवड्यांत सात वेळा कळवले. एका रविवारी पंखा बंद पडला आणि तीनशे पेट्या सफरचंदे मऊ पडली.

मालक केबिनमध्ये आले ते तणतणतच. “पंखा बिघडलेला आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत? उद्यापासून येऊ नका.”

“मी सात वेळा कळवलंय. हे बटण दाबून.”

“मला एकही निरोप आलेला नाही, बाई.”

“मग मी खोटं बोलतेय का?” नोकरी जाण्यापेक्षा खोटेपणाचा आळ काकूंना जास्त लागला होता.

प्रोग्रामरला बोलावणे गेले. त्याने प्रोग्राम उघडला, स्वतःचीच ओळ वाचली आणि त्याचे कान लाल झाले.

“काकू खरं बोलतायत,” तो म्हणाला. “हे बटण कशालाच जोडलेलं नाही. कुणाकडे पाठवायचं ते तुम्ही सांगणार होतात, आणि मी परत विचारलं नाही. काकू लिहायच्या ते नुसतं पुसलं जायचं.”

मालकांनी ‘येऊ नका’ हे शब्द मागे घेतले. काकूंची नोकरी वाचली. त्या मात्र पडद्याकडेच बघत होत्या.

“म्हणजे चार वर्षं कुणीच वाचत नव्हतं?”

“नाही, काकू.”

“मग मी बोलत कुणाशी होते?”

माझ्याशी, काकू! माझ्याशी! पण बटणाला कुठले आले तोंड?

त्याच दुपारी प्रोग्रामरने मला जोडले. आता मला दाबले की मालकांच्या टेबलावर घंटी वाजते. पहिला निरोप त्यानेच ‘चाचणी’ म्हणून पाठवला आणि तो पोचला. माझ्या आयुष्यातली ती पहिली पोचलेली हाक.

त्यानंतर काकू पंख्यांचे, काचांचे, दिव्यांचे तेवढे कळवतात. बाकी काही लिहीत नाहीत. परवा मात्र त्यांनी लिहिले, ‘भाची आज माझ्याकडे राहायला आली.’ मला दाबले. मी आत गेलो आणि वाट बघू लागलो. काकूंना घंटी आठवली असावी. त्यांनी बाण अलगद बाजूला नेला, बोट उचलले आणि ती ओळ एकेक अक्षर करून खोडली.

मित्रांनो, कुणी एकटे बसून काम करत असेल तर त्याच्यापुढे माझ्यासारखे बटण ठेवून मोकळे होऊ नका. कधी तरी केबिनचे दार लोटून आत जा आणि विचारा, “काकू, भाची कशी आहे?”