भट्टीमागे नेमलेला कपॅसिटर

मित्रांनो, माझ्या डोक्यावरचे टेंगूळ पाहून हसू नका. मी एक जुना, कामातून गेलेला कपॅसिटर आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. का, ते ऐका.

करंगळीच्या पेराएवढा ॲल्युमिनियमचा डबा, आत वर्ख आणि ओला कागद यांची गुंडाळी, असा माझा जन्म झाला. वीज साठवायची आणि लागेल तेव्हा द्यायची, हे आम्हा सगळ्या कपॅसिटरांचे काम. पण आम्ही सारे सारखे नाही. सिरॅमिकचा भाऊ तांदळाच्या दाण्याएवढा. साठा थोडा, पण चिपला बसणारे बारीक झटके तोच चपळाईने झेलतो. फिल्मचा भाऊ जाडजूड, जागा अडवणारा, पण कोरडा. उष्णता निमूट सोसतो. मी थोड्या जागेत भरपूर साठवतो. मात्र मला उलटे जोडू नये आणि फार तापवू नये. आतला ओलावा सुकला की मी संपलो.

२०१४ साली मी जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनजवळच्या एका लहानशा कारखान्यात आलो. तिथे बेकरीच्या भट्ट्यांचे कंट्रोल बोर्ड बनत. बोर्डावरचे भाग सांगलीच्या अरुंधतीने निवडले होते. बोर्डाचा डबा छोटा हवा, एवढेच तिला सांगितले होते, म्हणून तिने मला घेतले. डबा कुठे लागणार, हे तिने विचारले नाही. तो लागला थेट भट्टीच्या मागच्या भिंतीला.

तरी मी राबलो. सुरुवातीचे तीन महिने भट्टी अशी एकसारखी तापली की बेकरीवाल्या बाईंनी खूश होऊन कारखान्यात करंडीभर ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेले खारे पाव, पाठवले. मग उन्हाळा आला. मी सुकत गेलो, डोके फुगले आणि एका सकाळी पाव आत असतानाच भट्टी बंद पडली. त्या महिन्यात नऊ बेकऱ्यांत हेच घडले. कौतुक करणारेच मला ‘रद्दी माल’ म्हणू लागले.

कारखान्याचे प्रमुख क्रेमर यांनी अहवाल मागितला. बोर्डाची चाचणी घेणारा श्रीनाथ अरुंधतीला जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणाला, “सप्लायरचा माल खराब होता, एवढंच लिही. मार्चमध्ये तुझा करार संपतोय.”

अरुंधतीने काहीच लिहिले नाही. ती थर्मामीटर घेऊन बेकरीत गेली आणि दिवसभर भट्टीमागे उभी राहिली. आकडा निघाला शहाण्णव अंश. माझ्या अंगावर तर ठळक छापले होते: कमाल पंच्याऐंशी.

बैठकीत तिने मला टेबलाच्या मधोमध ठेवले. क्रेमर यांनी सप्लायरला पाठवायचे पत्र आधीच तयार ठेवले होते. त्यावर फक्त तिची सही हवी होती.

“हा भाग खराब नव्हता,” ती म्हणाली. “चुकीच्या जागी मी बसवला. या पत्रावर मी सही करणार नाही.”

याचा परिणाम तुम्हाला कळतो ना, असे क्रेमर यांनी थंडपणे विचारले.

“हो. कळतो.”

मग श्रीनाथने खुर्ची मागे सरकवली. “चाचणी मी घेतली होती,” तो म्हणाला, “थंड खोलीत. माझंही नाव लिहा.”

पत्र गेले नाही. सगळ्या बेकऱ्यांतले बोर्ड बदलले. भट्टीकडच्या भागात फिल्मचे भाऊ बसले आणि माझ्या जातभाईंना खाली, फरशीजवळच्या गार डब्यात जागा मिळाली. ते आजही राबत आहेत. अरुंधतीचा करार मात्र वाढवला नाही. मार्चमध्ये ती डार्मश्टाटला गेली, नव्या नोकरीच्या शोधात. जाताना तिने कुणाची माफी मागितली नाही आणि मला खिशात टाकून नेले.

मित्रांनो, भाग निवडताना नुसता आकार पाहू नका. त्याला कुठे बसवणार, किती तापवणार, काय झेलायला लावणार, हे आधी विचारा. आणि कुणी फुगून, थकून बंद पडला, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्यामागची भिंत हात लावून पाहा. मला आता खुशाल भंगारात टाका. पण खराब म्हणू नका, कारण मी तसा नव्हतो.