केशराच्या पाकळ्यांचं सरबत

केशराच्या फुलांतून तंतू काढून घेतले, की उरलेल्या पाकळ्यांचं करायचं काय, हा प्रश्न आदिनाथला रोज छळायचा. आंबी गावात एका बंद, गार खोलीत तो केशर पिकवी. चिमूटभर तंतूंपायी टोपलीभर जांभळ्या पाकळ्या उकिरड्यावर जात. शेवटी त्याने त्या उकळून अर्क काढला, साखर घालून सरबत केलं. रविवारी लोणावळ्यात पर्यटकांना ते विकायचं, असं ठरलं.

फुलं खुडणाऱ्या शालूबाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. खोलीत मांडण्याआधी केशराचे सगळे कंद त्यांनीच बुरशीच्या औषधात बुडवले होते. बोटांची नुसती आग झाली होती! शिवाय पाकळ्या दोन-दोन दिवस ओल्या पोत्यात पडत, कुबट वास येई.

"भाऊ, ह्ये कुटं तपासून घेतलंय का?"

"मावशी, फूलच आहे ते! एकदम नैसर्गिक. लोक केशर खातातच की."

"केशर चिमटीनं खात्यात. पाकळ्यांचा काढा पेलाभर कुणी पिलाय? एरंडाचं त्याल पोटाला देत्यात, पन बी चावून खाल्लं तर मानूस जातो. झाड येकच न्हवं?"

"तुम्हाला सगळ्यातच संशय!" आदिनाथ हसला.

तेवढ्यात त्याची पाच वर्षांची छकुली धावत आली. "बाबा, मलापण!" त्याने पेला भरला. शालूबाईंनी चटकन त्यावर हात ठेवला.

"पाजा खुशाल. पन आदी सांगा, त्या औषधाच्या पान्यातली बोटं पोरीच्या तोंडात घालू का?"

आदिनाथ थबकला! परक्यांची लेकरं पिणार होती, तेव्हा हा विचार कसा शिवला नाही? त्याची मान खाली गेली. पेला त्याने मोरीत ओतला आणि दुसऱ्याच दिवशी नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत दिला.

अहवाल आला. अर्कात औषधाचा अंश होता, बुरशीही होती.

पुढच्या हंगामात कंदांना ते औषध लावलंच नाही. फुलं खुडली त्याच दिवशी पाकळ्या वाळत घातल्या. नवा अहवाल स्वच्छ आला, तेव्हा आदिनाथ तो नाचवतच आला. शालूबाईंनी कागद उलटापालटा करून पाहिला.

"बरं हाय. पन रोज किती प्यावं, ल्हान पोरांनी प्यावं का न्हाई, ह्ये कुटं लिवलंय?"

या खेपेला तो हसला नाही. "नाही लिहिलेलं, मावशी. ते कळेपर्यंत आणि खाद्य म्हणून परवानगी मिळेपर्यंत एक थेंबही विकायचा नाही."

वाचकहो, टाकाऊतून टिकाऊ जरूर करावं. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे! दुसऱ्याच्या घशाखाली काही उतरवण्याआधी ते तपासून घेणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि विचारून घेणं हा तुमचा-आमचा हक्क.