एकेचाळीस घरं, एकच सकाळ

माझी बहीण मुंजिया गेली तीस वर्षं खोटं बोलते आहे आणि अख्ख्या नाबुलमध्ये एकाही बाईची त्याबद्दल तक्रार नाही.

आमचं काम मार्चअखेरीस सुरू होतं आणि एप्रिल संपायच्या आत आटोपतं. कडू नारिंगाची झाडं फुलली की लोक बाजारातून फुलं आणतात, कुणी चार किलो, कुणी आठ. आम्ही दोघी बहिणी अर्क काढायची तांब्याची भांडी घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन बसतो. सकाळी जाळ लावायचा, दिवसभर थेंब थेंब पाणी बाटलीत पडताना बघायचं आणि संध्याकाळी घर वर्षभराच्या कॉफीला, लेकराच्या पोटदुखीला आणि पाहुण्यांच्या हातावर शिंपडायला मोकळं. पहिल्या फुलांचं पाणी सगळ्यात कडक निघतं असं इथे सगळे मानतात, म्हणून प्रत्येकीला पहिला नंबर हवा असतो. आमची भांडी दोन, घरं चाळीस-बेचाळीस.

मुंजिया प्रत्येकीला सांगते, पहिलं तुझंच घर. मग दहाव्या दिवशी त्याच बाईच्या दारात उभी राहून म्हणते की आधीची फुलं काही खरी नव्हती, तुझ्यासाठी चांगल्या फुलांची वाट बघत थांबले होते. ती बाई मान डोलावते आणि कॉफी टाकते. सगळ्यांना माहीत असतं, सगळ्यांना चालतं. मला हे कधीच जमलं नाही. मी तोंडावर खरं बोलते, म्हणून दाराशी ती जाते आणि मी जाळ सांभाळते.

मुंजियाला एकच लेक, इब्तिहाल. तीन वर्षं राजधानीत, ट्युनिसला एका कंपनीत होती, फोनवर चालणाऱ्या गोष्टी बनवायची. गेल्या जुलैत बॅग घेऊन आली आणि म्हणाली, मला आता हेच काम करायचंय, पण तुमच्या पद्धतीनं नाही. आमची पद्धत म्हणजे मुंजियाचे फोन आणि माझी वही. वहीवर कॉफीचे डाग आहेत हे मला मान्य आहे, पण आजवर एकही घर हुकलेलं नाही. फेब्रुवारीत कंपनीनं तिला परत बोलावलं. एक एप्रिलपर्यंत कळव, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. पोरीनं स्वतःलाच अट घातली. त्याआधी या मोसमासाठी फोनवरून चाळीस घरांनी नाव नोंदवलं तर ती राहणार, नाहीतर ट्युनिसला जाणार.

मुंजिया म्हणाली, तुला योग्य वाटेल ते कर. आणि कांदा चिरायला लागली. त्या दिवशीच्या सूपमध्ये कांदा घालायचाच नव्हता.

आता फोनवरून म्हणजे कसं, यावरून आमच्या घरात आठवडाभर वाद चालला. इब्तिहालला ॲप हवं होतं. बायकांच्या फोनवर आपलं फुलाचं चित्र कायमचं बसेल, फुलं आली की तिला आपोआप निरोप जाईल, ती आपली होऊन राहील, असं तिचं म्हणणं. दुसरा रस्ता साध्या वेबसाइटचा. फोनवर नीट दिसेल असं एक पान, त्याची लिंक पाठवायची, बोट लावलं की उघडतं, काही उतरवून घ्यायला नको. हेही तिनंच मला समजावून सांगितलं, आणि मग मी पानाच्या बाजूची झाले याचा तिला राग आला.

"खालती, पान काय कुणीही बनवतं," ती मला म्हणाली; मावशीला ती खालती म्हणते. "दोन दिवसांचं काम आहे ते. मी आठ महिने ॲपवर घालवलेत."

"आठ महिने घालवलेस म्हणून बायकांच्या फोनमध्ये जागा होणार आहे का?" मी म्हटलं. "वर्षातून एक दिवस आमचं तोंड बघतात त्या. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तुझं फूल कशाला पोसतील? माझ्या फोनमध्ये नातवंडं मावत नाहीत."

इब्तिहालनं आईकडे बघितलं. मुंजियाला ॲप आणि पान यातला फरक कळत नव्हता, हे मी शपथेवर सांगते. तिला लेकीचा चेहरा तेवढा कळत होता. ती म्हणाली, "ॲपच चांगलं."

मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत ॲपवर दोन नावं आली. एक माझं होतं आणि एक इब्तिहालच्या मैत्रिणीचं, जिच्या घरी अर्क काढत नाहीत. पोरगी जेवायची कमी झाली. फोन घेऊन अंगणात बसायची, स्क्रीन खाली ओढायची आणि सोडायची.

त्याच सुमारास मुंजियानं दुपारी बाहेर पडायला सुरुवात केली. चार वाजले की अंगावर सफसारीची पांढरी चादर ओढायची आणि कुणाचा तरी गुडघा बघायला जायची. एका आठवड्यात नाबुलमधले इतके गुडघे दुखायला लागले की मला संशय आला. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिचेच पाय सुजलेले असायचे. आणि ॲपवर नावं चढू लागली. सहा, अकरा, सतरा. इब्तिहाल पुन्हा दोन-दोन वाट्या जेवायला लागली. मला म्हणाली, बघ खालती, बायकांना जरा वेळ द्यावा लागतो.

मी विषय बदलला, कारण त्याच दिवशी मला कुंभारांच्या गल्लीत दलेंदा भेटली होती. दलेंदा आमची तीस वर्षांची गिऱ्हाईक, मनात काही ठेवत नाही, मुंजियाला मानानं लल्ला म्हणते. म्हणाली, "लल्ला मुंजियाला सांग, तिच्या मनासारखं झालं. नातवाच्या सुंतेचा व्हिडिओ पुसून जागा केली, नशीब मुलाकडे आहे तो. मग तिनं स्वतःच माझ्या फोनवर काय ते लिहिलं, बटण दाबलं, आणि ती जिना उतरली तसं मी ते फूल काढून टाकलं." मी विचारलं, का काढलंस? दलेंदा म्हणाली, तिनंच सांगितलं, एकदा दाब आणि मग हवं तर काढून टाक, माझ्या लेकीसाठी एवढं कर. आता लेकीसाठी म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

घरी आल्यावर मी मुंजियाला मागच्या खोलीत गाठलं. ती पाय मिठाच्या पाण्यात सोडून बसली होती. मी म्हटलं, हे कळेल तेव्हा काय करशील? तिनं कानावर हात ठेवले. मला ॲपमधलं काय कळतंय, म्हणाली. मी तिला सांगितलं की लेकीला सरळ सांग, राहा म्हणून. तर म्हणाली, तिनं शिक्षण घेतलंय, तिच्या पायात मी कशाला येऊ? माझ्या बहिणीला अख्खं गाव गोड बोलून गुंडाळता येतं, पण हे एक वाक्य तिच्या तोंडातून निघत नव्हतं. मला तिचा इतका राग आला की मी पाणी बदलायला म्हणून उठले आणि बराच वेळ नळापाशी उभी राहिले. मग गरम पाणी आणून तिचे पाय चोळून दिले.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी, माझं आणि त्या मैत्रिणीचं नाव सोडून, ॲपवर एकेचाळीस घरं झाली. शनिवारी मोसम सुरू व्हायचा होता. आम्ही दोघी अंगणात लिंबू आणि मीठ लावून भांडी घासत होतो. इब्तिहाल लॅपटॉप घेऊन पायरीवर बसली होती. चाळीसच्या वर आकडा गेला म्हणून तिनं सकाळी बाजारातून बदामाच्या वड्या आणल्या होत्या. आता नंबर लावायचे, कुठल्या दिवशी कुठली दोन घरं ते ठरवायचं, म्हणून तिनं यादी उघडली. हवा तो दिवस निवडायची सोय तिनं घरांनाच दिली होती. सगळ्या वेगवेगळे दिवस निवडतील असं तिला वाटलं होतं. इथे जन्माला येऊन, मुंजियाच्या पोटी येऊन तिला असं वाटावं, याचं मला अजून नवल वाटतं.

तिनं यादी वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवली. मग ती आईला हळूच म्हणाली, "उम्मी, शनिवारी सकाळी सात वाजता एकेचाळीस घरी जायचंय आपल्याला."

मुंजिया भांडं घासत राहिली.

"एकीनंही दुसरा दिवस घेतला नाही," इब्तिहाल म्हणाली. "सगळ्यांचं शनिवार, सात. सगळ्यांच्या नावापुढे 'पहिलं घर' असं लिहिलंय. आणि उम्मी, अशा स्पेलिंगनं फक्त तूच लिहितेस."

मला हसू आवरेना. मुंजियानं काय केलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. प्रत्येक स्वयंपाकघरात बसून, चष्मा नाकावर सरकवून, त्या बाईला तोंडानं सांगितलेलं वचन तिनं फोनमध्येही पाळलं होतं. तिथे नंतर दहाव्या दिवशी जाऊन फुलं खरी नव्हती म्हणायची सोय नसते हे तिच्या गावीही नव्हतं. इब्तिहालही हसायला लागली. मग तिनं आणखी काहीतरी उघडून बघितलं आणि तिचं हसू गेलं.

"चार फोनमध्ये उरलंय ॲप," ती म्हणाली. "एक माझा, एक खालतीचा, एक तुझा." चौथा त्या मैत्रिणीचा होता. "म्हणजे कुणालाच नको होतं. तू घरोघरी फिरलीस. तुझे पाय त्यामुळे सुजले होते."

मुंजिया म्हणाली, "चाळीस घरं हवी होती ना तुला? मग? झाली की."

"ती माझी नाहीत, उम्मी. माझं एकही घर नाही. मी शब्द दिला होता स्वतःला, आता मला जायला हवं." आणि पोरगी लॅपटॉप मिटून उठायला लागली.

मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण मीठ लागलेला हात तसाच घेऊन मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "बस खाली," मी म्हटलं. "आकड्यांची एवढी हुशारी आहे तुझ्यात आणि एवढं दिसत नाही? साठीची बाई पंधरा दिवस उन्हात एकेचाळीस जिने चढली, ते काय तुझं फूल विकायला? तिला त्यातलं अक्षर कळत नाही. आधी मला म्हणालीस बायकांना वेळ द्यावा लागतो. मग आता आईला दे. आणि ते ॲप टाक चुलीत, मी पहिल्यापासून पान म्हणत होते."

ते शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण खरं होतं.

इब्तिहाल बसली. आईकडे बघत राहिली, आणि आई भांड्याकडे. जरा वेळानं इब्तिहालनं आईच्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतः घासायला लागली.

जेवण झाल्यावर तिनं पान बनवायला घेतलं आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या आत पुरं केलं. नाव, गल्ली, किती किलो फुलं, आणि बस. दिवस कुठेच विचारलेला नाही. तो मुंजिया फोन करून सांगेल, असं तिनं खाली लिहिलं. मला म्हणाली, हा भाग माझ्याच्यानं मशीनला शिकवता येणार नाही, खालती. लिंक आधी दलेंदाला पाठवली. दलेंदानं फोनमधलं काहीही न पुसता नाव भरलं आणि ती लिंक तिच्या तिन्ही सुनांना, नणंदेला आणि हम्मामेत गावच्या विहिणीला पाठवून दिली. ती विहीण आमची कधीच गिऱ्हाईक नव्हती. दुपारभर नावं येत राहिली. इब्तिहालनं ती मोजली नाहीत. मी मोजली, पण सांगितली नाहीत.

संध्याकाळी ती कंपनीला उत्तर लिहायला बसली. मुंजिया माझ्याशेजारी फुलं पसरायची चादर शिवत होती, सुई तीनदा बोटात गेली. इब्तिहालनं लिहिलेलं वाचून दाखवलं. आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे, पण आईचं वय झालंय, तिला कामात मदतीची गरज आहे, म्हणून येता येणार नाही.

मुंजियानं चादर खाली ठेवली.

"मला मदतीची गरज नाही," ती म्हणाली. "ही आहे ना, तुझी खालती. आम्ही दोघी अजून दहा वर्षं ओढू. ते पुस."

इब्तिहालचा चेहरा पडला. माझा त्याहून जास्त. मी मनात म्हटलं, गेली, हिनं घालवली.

"मग काय लिहू?" इब्तिहालनं विचारलं.

मुंजियानं बोटावरचं रक्त बाहीला पुसलं. तिला ते बोलायला किती जड जात होतं ते तिच्या शेजारी बसलेल्या मला कळत होतं.

"लिही, आईला मी घरात हवी आहे," ती म्हणाली. "कामासाठी नाही. नुसती हवी आहे."