डोंगरावरच्या पुंगळ्या

तोर्गेइरने लिंबाच्या सत्वाच्या पाण्यातून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची चाळण वर काढली आणि नळाखाली धरली. पाणी आधी तपकिरी, मग फिकट, मग नितळ वाहू लागलं. तरी त्याने एक पुंगळी उचलून उपडी झटकली. आत दडलेला थेंब मनगटावर पडला, तशी त्याने सगळ्याच एकेक करून झटकायला घेतल्या. आत ओल राहिली की बाहेरून कितीही लखलखीत करा, पितळ कळकायचं ते कळकतंच.

जिन्याच्या तोंडाशी बायकोचा, गुनवोरचा आवाज आला.

"तोर्गेइर, आर्नफिन आलाय. खाली पाठवते हं त्याला."

ती हे इतकं जपून म्हणाली, की तोर्गेइरने नळ बंद केला.

आर्नफिन या तळघराची पायरी उतरला, त्याला कितीतरी हिवाळे लोटले होते. त्याआधी दर शरद ऋतूत दोघं याच टेबलाशी शेजारी शेजारी बसत. गेल्या वर्षीच्या पुंगळ्या धुवायच्या, सुकवायच्या, त्यात नवी दारू आणि गोळी भरायची आणि रेनडिअरच्या शिकारीला वर डोंगरावर जायचं. मग कळपात तो मेंदू पोखरणारा रोग सापडला. वरून हुकूम आला : सगळा कळप मारायचा, एकही जनावर ठेवायचं नाही, आणि मातीतला रोग मरेपर्यंत डोंगर रिकामा ठेवायचा. नेम चांगला असलेली गावातली माणसं त्यासाठी निवडली. तोर्गेइर हो म्हणाला. आर्नफिन भरसभेत नाही म्हणाला आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडला. पुढे दुकानात, कुणाच्या मयतीला गाठ पडली की दोघं हवापाण्याचं बोलत, इतकंच.

आर्नफिन कठड्याला धरून उतरला. म्हातारा दिसत होता. त्याने सभोवार पाहिलं.

"वास तोच आहे अजून. गुनवोर पळून कशी गेली नाही रे इतक्या वर्षांत?"

"वरच्या मजल्यावर राहते ना. बस."

आर्नफिन बसला नाही. त्याने पाठीवरच्या पिशवीतून एक मोजा काढला, वर गाठ मारलेला, लोकरीचा. तो टेबलावर ठेवताना आत पितळ वाजलं.

"उन्हाळ्यात फिरताना सापडत गेल्या. तुझ्याच असणार. बुडाला तुझ्या खुणेचा ओरखडा आहे."

तोर्गेइरने गाठ सोडली. बर्फाखाली आणि दलदलीत पडून पुंगळ्या काळ्या-हिरव्या झाल्या होत्या. आयुष्यात त्याने डोंगरावर एक पुंगळी मागे ठेवली नव्हती. फक्त कळप मारला त्या हिवाळ्यात तो वेचायला वाकला नव्हता. आता हा तोंडावर फेकायला घेऊन आला, असं त्याला वाटलं. पण आर्नफिनने स्टूल ओढलं आणि बसला.

"निघतील का साफ?"

"काळ्या आहेत त्या निघतील." तोर्गेइरने एक चष्म्याजवळ धरली. "हिरवं नुसतं वर असेल तर तेही. ही बघ, गुलाबी डाग पडलेत. यातलं जस्त गेलं. ही आता ठिसूळ झाली, भरायची नाही."

"आणि या कशाला धुतोयस?" आर्नफिनने हनुवटीने चाळणीकडे खूण केली. "शिकार तर बंद आहे."

"सवय. पेटीत नुसत्या ठेवल्या तर खराब होतात."

"कुणासाठी ठेवतोस पण?"

तोर्गेइरने आधी सुकवून ठेवलेल्या पुंगळ्यांची रांग लावली, ओल शोषून घेणाऱ्या पुड्या पेटीच्या तळाशी नीट पसरल्या. गुनवोर कॉफी आणि लोणी-साखर लावलेली बटाट्याची पोळी ठेवून गेली. दोघांनीही पोळीला हात लावला नाही.

"वर एक रेनडिअर आहे, नर," आर्नफिन म्हणाला.

तोर्गेइरचा हात पेटीतच राहिला.

"कुठे?"

"काळ्या तळ्याच्या वर. तरणाताठा आहे. कुठल्यातरी दुसऱ्या डोंगरावरून एकटाच भरकटत आलाय. दगडफूल खात होता. मी इतका जवळ होतो, की पाऊल टाकताना त्याच्या टाचांचा होणारा कटकट आवाज ऐकू येत होता. विसरलो होतो मी तो आवाज."

तोर्गेइर उठून उगाचच खिडकीशी गेला. तळघराच्या त्या खिडकीतून गवताखेरीज काही दिसत नसे.

"कुणाला सांगितलंस?"

"सकाळी फोन केला, सरकारी लोकांना."

"तू केलास?" तोर्गेइर वळला. "तू? अरे, गप्प बसायचं होतंस! कुणाला कळणार होतं?"

"बसणारच होतो. आठवडाभर बसलोही." आर्नफिनने कप दोन्ही हातांत धरला. "रोज वर जाऊन बघून येत होतो त्याला. पण तो एकटा राहायचा नाही रे. बर्फ पडलं की सोबत शोधत पश्चिमेकडे जाणार, रस्ता ओलांडून. तिकडचा कळप धडधाकट आहे अजून. याने इथली माती चाटलीय."

वर गुनवोरच्या पावलांचा आवाज इकडून तिकडे गेला.

"म्हणाले, गावातलंच कुणी करणार असेल तर बरं. नाहीतर त्यांचा माणूस येईल हेलिकॉप्टरने, पळवून पळवून मारेल."

"मी जातो," तोर्गेइर म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "उद्या उजाडताच जातो."

"तू नाही."

"मग कोण?"

"माझं नाव दिलंय मी."

तोर्गेइर त्याच्याकडे बघत राहिला. आर्नफिन मात्र कपात बघत होता.

"तुझं पुरे झालं," तो म्हणाला. "माझ्याकडे भरलेलं काडतूस नाही एकही. त्या वर्षीच सगळी तळ्यात फेकली. बंदूक तेवढी आहे. म्हणून आलो."

तोर्गेइरने खुर्ची टेबलाशी ओढली. कपाटातून दारूचा डबा काढला, तराजू पुसून समोर ठेवला. कोरड्या पुंगळ्यांतली एक घेतली, तोंडावरून बोट फिरवून पाहिलं. आर्नफिनने स्टूल जरा जवळ सरकवलं आणि दिव्याचं तोंड त्याच्या हाताकडे वळवलं, पूर्वी वळवायचा तसं.

"किती भरू?"

"एक. जवळ येऊ देतो तो."

तराजूच्या पारड्यात दाणे पडू लागले. काटा स्थिर झाला. तोर्गेइरने पारडं उचललं, तेव्हा आर्नफिनने मांडीवरचा आपला उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला होता.

"दोन भर," तो म्हणाला.