आई कुणाला म्हणायचं

मुलगी झोपते कुठे, असं सायकालनं विचारताच दहा वर्षांच्या बेगिमायनं स्वतःच उठून म्हाताऱ्या आजीच्या गादीशेजारची आपली जागा दाखवली आणि परत चहापाशी येऊन बसली.

डोंगरातल्या नारिन शहराच्या बालकल्याण कार्यालयात सायकालची अठरा वर्षं गेली होती. घटस्फोटानंतर मूल कुणाकडे हे न्यायालय ठरवायचं. त्याआधी घर बघून अहवाल द्यायचा तो तिनं. बाकीचे उंबऱ्यावरूनच सही घेऊन फिरत. सायकाल कपाटंसुद्धा उघडून बघे. लोक कसे राहतात हे बघायची तिची हौस कधी फिटलीच नाही.

इथल्या गोष्टीनं ती हौस नव्यानं चाळवली. बेगिमाय पहिलं नातवंड. पहिलं नातवंड आजीनं वाढवायचं, या तिथल्या रिवाजाप्रमाणे वडिलांच्या आईनं, म्हाताऱ्या कालियचानं, तिला दोन महिन्यांची असतानाच आपल्याकडे घेतलं होतं. दहा वर्षं ती आजीला आई म्हणत आली, आणि जन्मदात्या आयसुलूला नावानं हाक मारत आली. आता आयसुलू नवऱ्यापासून वेगळी होऊन राजधानीत, बिश्केकमध्ये शिवणकाम करत होती आणि मुलगी मागत होती. नवऱ्याचं म्हणणं, पोर आहे तिथंच राहू दे.

कुणाकडे राहायचंय, असं सायकालनं विचारलं.

"आईकडे," बेगिमाय म्हणाली.

सायकालचं पेन थांबलं. कुठली आई, हे विचारायची गरजच नव्हती. पोर म्हातारीला खेटून बसली होती.

कालियचानं तिला वासरू बांधायला बाहेर पाठवलं.

"आयसुलूकडे, असं लिही."

"पण ती तर तुम्हाला..."

"मी बहात्तरची आहे, पोरी. मी गेल्यावर तिनं आई कुठून आणायची? आत्ता जुळलं तर जुळेल." तिनं गादीची सुरकुती सारखी केली. "तेव्हा हिला उचलून आणली, तर आयसुलूला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही."

न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा म्हातारीनं घरी समजावलं होतं तसं बेगिमायनं खाली मान घालून आयसुलूचं नाव घेतलं.

बेगिमाय आयसुलूबरोबर बिश्केकला निघायची, त्या दिवशी सायकाल काही काम नसताना गाडीतळावर गेली. आयसुलू सामान चढवत होती. कालियचा पाठमोरी उभी राहून वाटेसाठीच्या भाकरी फडक्यात बांधत होती.

"आजी," बेगिमायनं हाक मारली.

म्हातारी भाकरी बांधतच राहिली. या नावानं तिला आजवर कुणी हाक मारली नव्हती.

पोरीनं पुन्हा हाक मारली, तेव्हा तिनं मान वळवली.